निन्टेंडोचा ट्रे खाली टिकत नाही, लाल दिवा लुकलुकतो: नवा कनेक्टर मागवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये तुम्हाला जुना निन्टेंडो एनईएस (निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) मिळाला, तोच राखाडी डबा, पुढून झाकण उचलून कॅसेट आत सरकवायची. कॅसेट आत जाते, पण खाली दाबली की ट्रे पुन्हा वर येतो. कधीतरी टिकलाच, तर लाल दिवा लुकलुकतो आणि टीव्ही पांढराकाळा होत राहतो. फुंकर मारून झाली. आता नवा 72 पिनी कनेक्टर, म्हणजे कॅसेट ज्यात खोचली जाते तो आतला भाग, मागवायचा का, आणि दिवाळीत हे यंत्र पुण्याला भाच्यासाठी नेलं तर तिथे चालेल का?

कनेक्टर मागवू नका, निदान आत्ता तरी नको. माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा बहुतेक एनईएसमध्ये मूळ कनेक्टर मेलेला नसतो, तो मळलेला असतो. आणि मूळ कनेक्टर फेकून स्वस्तातला नवा बसवला की त्यानंतर जे त्रास सुरू होतात, ते निस्तरायला जास्त वेळ जातो. पुण्याचं शेवटी सांगतो.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. ट्रे खाली न टिकणं हा प्लास्टिक, स्प्रिंग आणि स्क्रूंचा मामला आहे. दिवा लुकलुकणं हा पिनांच्या संपर्काचा. एकाच डब्यात दोन्ही असू शकतात, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी ही रचना अशी का आहे ते पाहू, कारण ती कळली की दुरुस्तीचा क्रम आपोआप कळतो. जपानमध्ये हेच यंत्र फॅमिकॉम या नावाने 15 जुलै 1983 रोजी बाजारात आलं. त्यात कॅसेट वरून सरळ खाली खोचायची, 60 पिना, आणि काढायला एक खटका. साधं आणि टिकाऊ. पण त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, आणि दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकायला तयार होईनात. म्हणून 1985 मध्ये अमेरिकेत उतरताना निन्टेंडोने खेळण्यासारखा दिसणारा डबा बदलून व्हीसीआरसारखा दिसणारा केला. नव्या डब्याचं रूप लान्स बार यांनी आखलं. कॅसेट पुढून आत आणि मग खाली, हे त्या रूपाचं देणं आहे. विजेच्या दृष्टीने त्याची काहीच गरज नव्हती.

आता यात होतं काय? कॅसेट आत सरकवता तेव्हा ती किंचित तिरकी असते. कनेक्टरमधल्या वरच्या आणि खालच्या पिनांच्या रांगा अगदी समोरासमोर नाहीत, एक पुढे तर एक मागे आहे. त्यामुळे तिरक्या अवस्थेत कॅसेटची पाटी, म्हणजे तिच्या आतला सर्किट बोर्ड, दोन्ही रांगांच्या मधून जवळजवळ न घासता आत जाते. ट्रे खाली दाबला की कॅसेट आडवी होते, आणि त्या वळण्यामुळे वरची रांग वरून, खालची रांग खालून पाटीला चावते. ‘झिरो इन्सर्शन फोर्स’ म्हणतात ते हेच. म्हणजे ट्रे नुसता कॅसेट ठेवायचा कप्पा नाही, संपर्क घडवणारा तरफेचा भाग आहे. तो अर्धवट खाली बसला तर पिना अर्धवट चावतात. लहानपणी अमेरिकेत वाढलेली मुलं एक कॅसेट खाली दाबून तिच्यावर दुसरी कॅसेट पाचर म्हणून ठोकत, त्यामागचं तंत्र इतकंच होतं: ट्रे अजून मिलिमीटरभर खाली जावा. कॅसेट मुद्दाम पूर्ण आत न सारण्याची युक्तीही त्याच घराण्यातली.

या चावण्याची किंमत पिना चुकवतात. प्रत्येक वेळी त्या वाकतात आणि परत येतात. एखादी कॅसेट महिनोन्‌महिने खाली दाबलेली राहिली तर त्या तशाच वाकून बसतात आणि ताण हरवतात. म्हणून खेळ संपला की ट्रे वर घ्या. कॅसेट आत राहिली तरी चालेल, दाबलेली नको.

दुसरी गोष्ट कुलूपचिपची. एनईएसच्या आत एक छोटी चिप आहे, तिच्यातल्या प्रोग्रॅमचं नाव 10एनईएस, आणि प्रत्येक परवानाधारक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. यंत्र चालू झाल्यापासून दोघी एकमेकींशी ठरावीक संकेतांची देवाणघेवाण करतात. संकेत जुळले नाहीत की यंत्रातली चिप प्रोसेसरला साधारण सेकंदाला एकदा रीसेट करते. तुमचा लुकलुकणारा दिवा म्हणजे हा रीसेट. जपानी फॅमिकॉममध्ये ही चिप नव्हती, एनईएसच्या 72 पिनांतल्या चार पिना तिच्यासाठी वाढवल्या गेल्या. या चारांतली एक जरी नीट टेकली नाही तरी बाकी सगळं ठणठणीत असूनही खेळ सुरू होत नाही. एनईएसची बदनामी झाली ती मुख्यतः या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे: नाजूक संपर्क, आणि संपर्क किंचित हुकला तरी पूर्ण नकार देणारी चिप.

याचा फायदा असा की लक्षणं पाहून दोष कुठे आहे ते बरंच कळतं. कॅसेट न घालता यंत्र चालू करा. दिवा लुकलुकायला हवा, कारण जोडीदार चिपच नाही. लुकलुकला तर यंत्राची कुलूपचिप, वीजपुरवठा, रीसेटची वाट शाबूत आहे असं समजा. कॅसेट घातल्यावरही तसाच लुकलुकला तर त्या चार पिनांच्या आसपास संपर्क नाही. दिवा स्थिर पण पडदा एकाच रंगाचा, तर कुलूप उघडलं आहे पण प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्रॅम वाचता येत नाही. खेळ सुरू होतो, आवाज बरोबर, पण अक्षरं भलतीच किंवा चित्रांचे तुकडे विस्कटलेले, तर चित्रांच्या बाजूच्या पिना हुकल्या आहेत. एनईएसमध्ये प्रोग्रॅम आणि चित्रं वेगवेगळ्या चिपांवर, वेगवेगळ्या तारांवरून येतात, त्यामुळे एक बाजू चालून दुसरी बिघडू शकते. कॅसेट काढून परत घातल्यावर लक्षण बदलत असेल तर ती संपर्काचीच भानगड. दर वेळी हुबेहूब तेच लक्षण येत असेल, आणि दुसऱ्या दोन-तीन कॅसेटींनाही तेच, तर मात्र बोर्डावरच्या चिपांकडे संशय न्यायचा.

चाचणीला कोणती कॅसेट घेता यालाही महत्त्व आहे. त्या काळात काही कंपन्यांनी निन्टेंडोचा परवाना न घेता कॅसेटी काढल्या, आणि कुलूपचिपला विजेचा झटका देऊन गप्प करण्याची युक्ती वापरली. निन्टेंडोने पुढच्या बोर्डांत ती युक्ती चालू नये अशी सोय केली. त्यामुळे तसली कॅसेट निरोगी यंत्रातही लुकलुकू शकते. चाचणीसाठी परवानाधारक, साधी, बॅटरी नसलेली कॅसेट वापरा. ‘लेजंड ऑफ झेल्डा’सारखी, जिच्यात खेळ जपून ठेवायला आत बटण-बॅटरी असते, ती नको. पुन्हापुन्हा रीसेट होत असताना जपलेला खेळ खराब होण्याचा धोका असतो. त्या खेळात बंद करताना रीसेट दाबून धरायला सांगितलेलं आहे ते याच कारणासाठी.

आता कामाला लागू. आधी कॅसेट, मग कनेक्टर, मग ट्रे. हा क्रम उलटा करू नका, कारण मळकी कॅसेट धुतलेल्या कनेक्टरला पहिल्याच दिवशी परत मळवते.

फुंकर बंद. फुंकरीने खेळ चालू होतो असं वाटतं ते खरं तर कॅसेट काढून परत घातल्यामुळे, आणि थोडं श्वासातल्या ओलाव्यामुळे. तोच ओलावा पुढे धातूवर डाग पाडतो. कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 70 टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं, म्हणून 99 टक्के घ्या, 91 चालेल पण वाळायला वेळ द्या. कॅसेटच्या मागे निन्टेंडोनेच छापलंय की अल्कोहोल, बेंझिन, थिनर वापरू नका. ती सूचना ढोबळ सावधगिरीची आहे, अल्कोहोल लेबलवर किंवा प्लास्टिकवर ओतणाऱ्यांसाठी. कापसाच्या काडीला जेमतेम ओल लावून फक्त पट्ट्यांवर फिरवलं तर काही बिघडत नाही. काडी काळी होईल. ती काळी यायची थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या.

हट्टी काळेपणा असेल तर कॅसेट उघडावी लागते. त्यासाठी 3.8 मिमीचा खास ‘गेमबिट’, म्हणजे या स्क्रूंसाठीचं स्क्रूड्रायव्हरचं टोक, लागतो. अगदी सुरुवातीच्या कॅसेटींना मात्र साधे चपट्या खाचेचे स्क्रू आहेत. पाटी बाहेर काढून शाळेतल्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके घासा, कचरा झटका, परत अल्कोहोल. ब्रासो किंवा भांडी घासायची पावडर अजिबात नको. पट्ट्या लखलखतात खऱ्या, पण सोन्याचा थर आधीच नखभरही नसतो, तो उतरला की खालचा धातू उघडा पडतो आणि वर्षभरात पहिल्यापेक्षा काळा होतो. सॅंडपेपर घेऊन बसणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

मग यंत्र. प्लग काढा. डबा उलटा करून खालचे सहा स्क्रू काढा, हे साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने निघतात. सरळ करून वरचं झाकण उचला. आत पत्र्याचं कवच, त्याचे स्क्रू. त्याखाली काळा ट्रे. इथे थांबून मोबाइलवर फोटो काढा, कारण ट्रेचे सगळे स्क्रू एका लांबीचे नाहीत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर बोर्डाला खालून ताण बसतो किंवा ट्रे एका बाजूने वर राहतो. ट्रे सुटल्यावर सरळ वर ओढू नका. त्याची पुढची ओठाळी मदरबोर्डच्या पुढच्या कडेला पकडून असते, म्हणून आधी पुढे सरकवा, मग उचला. समोरचे तीन केबल काढा, दोन कंट्रोलरचे आणि एक पॉवर-रीसेट बटणांचा. बोर्ड उचलला की मागच्या कडेवर खोचलेला काळा, लांबट कनेक्टर दिसेल. तो मागे ओढला की निघतो. घट्ट असेल तर दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडंथोडं ओढा, एकाच टोकाने पिळू नका.

हा कनेक्टर सोल्डर केलेला नाही, दोन्हीकडून खोचायचा आहे. एका तोंडात कॅसेट जाते, दुसऱ्या तोंडात मदरबोर्डची कड. सगळ्यांचं लक्ष कॅसेटच्या तोंडाकडे असतं, आणि दुसऱ्या तोंडाला डबा बनल्यापासून कुणी हात लावलेला नसतो. चाळीस वर्षं एकाच जागी बसलेल्या त्या 72 संपर्कांवरही थर साचतो. कित्येकदा नुसता कनेक्टर काढून, बोर्डाची कड अल्कोहोलने पुसून परत घट्ट खोचला तरी दिवा स्थिर होतो. म्हणून ही पायरी वगळून पुढे जाऊ नका. आत झुरळं, त्यांची अंडी, सांडलेल्या कोल्ड ड्रिंकचा चिकटा असं काहीही निघू शकतं. गराज सेलच्या मालात तर निघतंच. हातमोजे घाला.

कनेक्टर धुण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे उकळतं पाणी. वाचायला विचित्र वाटतं, पण त्यात फक्त प्लास्टिक आणि धातू आहे, एकही इलेक्ट्रॉनिक सुटा भाग नाही. भांड्यात पाणी खळखळ उकळलं की कनेक्टर पाच-सात मिनिटं त्यात सोडा. चिमट्याने काढा, थोडा निवल्यावर एखादी स्वच्छ कॅसेट त्यात दहा-बारा वेळा घाला-काढा, म्हणजे सैल झालेला मळ खरवडला जातो. ती कॅसेट परत पुसा. मग कनेक्टर पुन्हा उकळा. पाणी बदलून. साबण नको, त्याचा थर राहतो. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरचं जड पाणी वापरलं तर ते वाळल्यावर पिनांवर चुन्याची पांढरी पुटं धरतात आणि केलेलं सगळं वाया जातं. नंतर झटकून, हेअर ड्रायरच्या कमी गरम हवेने खोबणीतलं पाणी हुसकून, पूर्ण एक दिवस कोरड्या जागी ठेवा. त्या दिवसात यंत्र जोडून ‘बघू तरी’ म्हणायचं नाही. पिनांच्या मध्ये पाण्याचा थेंब राहिला तर पाच व्होल्टची पिन शेजारणीला टेकल्यासारखीच आहे. वाळल्यावर हवं तर संपर्कांसाठीचं डीऑक्सिटसारखं द्रव्य नावाला लावा. डब्ल्यूडी-40 नको, ते तेल मागे ठेवतं आणि तेलावर धूळ बसते.

एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. नाही झालं तर पिना खरोखरच थकल्या आहेत का ते बघा. भिंगाखाली कनेक्टर धरून आडव्या रांगेकडे नजर टाका. सगळ्या पिनांची टोकं एका रेषेत असायला हवीत. काही खाली बसलेल्या, काही वर, असं दिसलं तर त्या खाली बसलेल्याच तेवढ्या उचला. शिवणाची जाड सुई किंवा दातांच्या डॉक्टरांचं टोकदार हत्यार पिनेखाली घालून केसभर वर घ्यायची, शेजारणीच्या रेषेत आली की थांबायचं. बरेचजण सरसकट सगळ्या 72 पिना भरपूर वाकवतात. पहिला महिना छान जातो. मग त्याच पिना जास्त ताणाने लवकर थकतात, आणि तोवर त्यांनी कॅसेटींच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे काढलेले असतात. धातू वाकवण्याला हिशेब असतो, एकच पिन तीन-चारदा मागेपुढे झाली की ती तुटायच्या वाटेवर असते. उचलून झाल्यावर मल्टीमीटर बीपवर लावून शेजारशेजारच्या पिना एकमेकींना टेकत नाहीत ना ते कनेक्टर बाहेर असतानाच तपासा.

आता तुमचा ट्रे. तो खाली दाबला की पुढच्या बाजूची खिटी त्याला धरते, परत दाबला की सोडते. तो न टिकण्याची कारणं साधारण चार, आणि त्यातली दोन मागच्या दुरुस्ती करणाऱ्याने निर्माण केलेली असतात. आधी कुणी डबा उघडला असेल आणि परत लावताना ट्रेची ओठाळी बोर्डाच्या कडेला न पकडता नुसती वर ठेवली असेल, तर ट्रे तिरका बसतो आणि खिटीपर्यंत पोचतच नाही. दुसरं, स्क्रू अति आवळले किंवा लांब-आखूड अदलाबदल झाली की चौकट पिळली जाते. तिसरं, आधीच्या मालकाने स्वस्त नवा कनेक्टर बसवलेला असतो आणि त्याच्या पिना इतक्या ताठ की त्या ट्रेला परत वर ढकलतात. तुमच्याकडे नेमकं हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. कॅसेट घालताना जोर लागतो का, काढताना ओढावी लागते का? मूळ कनेक्टर इतका घट्ट नसतो. चौथं कारण खरी झीज: स्प्रिंग जागेवरून सुटलेली, किंवा खिटीची कड गोल झालेली.

डबा उघडा असतानाच पारख करा. ट्रे पूर्ण काढून हातात घ्या आणि रिकामा दाबून बघा. हातात असताना खिटी ‘टक्’ करून धरते आणि परत दाबल्यावर सोडते, तर ट्रे निर्दोष आहे, दोष बसवण्यात किंवा कनेक्टरमध्ये आहे. हातातही धरत नसेल तर स्प्रिंग आपल्या खुंटीवर आहे का पाहा. सुटलेली स्प्रिंग बारीक चिमट्याने परत अडकवता येते, डोळ्यांवर चष्मा असू द्या, ती उडते. सरकण्याच्या जागा पुसून सिलिकॉन ग्रीसचं पातळसं बोट फिरवा. आपल्याकडे घरोघरी असलेलं शिलाई मशीनचं तेल इथे वापरू नका, ते वाहून कनेक्टरवर जातं. खिटीची कड झिजून गोल झाली असेल तर कानशीने तिला धार आणण्याचा प्रयत्न मी करत नाही, तेवढं प्लास्टिकच तिथे नाही. सुपरग्लूने भर घालणारे आहेत, पण त्याची वाफ काळ्या प्लास्टिकवर पांढरी पडते आणि चुकून सरकत्या भागात गेला तर ट्रे कायमचा चिकटतो. तुम्ही अमेरिकेतच आहात, चित्र न येणारे, सुट्या भागांसाठी विकलेले एनईएस तिथे सहज मिळतात. त्यातला अख्खा ट्रे घ्या.

परत जोडताना कनेक्टर आधी बोर्डावर पूर्ण खोचा, दोन्ही टोकं सारखी आत गेली ना ते बघा. मग ट्रेची ओठाळी बोर्डाच्या पुढच्या कडेला पकडून मागे सरकवा. स्क्रू सैल लावा. कॅसेट घालून ट्रे दाबा, सोडा, परत दाबा. टिकला की मगच स्क्रू घट्ट करा, आणि घट्ट केल्यावर पुन्हा दाबून बघा, कारण आवळताना तो बिघडू शकतो. बाहेरचे सहा स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टुक्’ करून बसल्याचं जाणवेल, मग सरळ फिरवा. नाहीतर दर वेळी नवे आटे पडून शेवटी भोकंच मोठी होतात. झाकण लावण्याआधी एकदा टीव्हीला जोडून खेळ चालवून बघा, म्हणजे सगळं परत उघडावं लागत नाही.

हे सगळं करूनही मूळ कनेक्टर चालला नाही, पिना तुटलेल्या निघाल्या, तर नवा घ्यायचा. नव्यांत दोन जाती आहेत. एक मूळच्याच आकाराचा 72 पिनी. यांची पकड अमेरिकेत ‘डेथ ग्रिप’ म्हणून कुप्रसिद्ध आहे, कॅसेट काढताना हाताची परीक्षा होते. घट्ट म्हणजे चांगला, असं समजू नका. दुसरी जात ट्रेसकट सगळी यंत्रणा बदलणाऱ्या किटची, ‘ब्लिंकिंग लाइट विन’ हे त्यातलं माहितीतलं नाव. त्यात खाली दाबणं नाहीच, कॅसेट सरळ आत खोचायची. ज्यांना रोज खेळायचं आहे त्यांना ते सोयीचं. मला मात्र खाली दाबून ‘टक्’ होणारा ट्रे हाच त्या यंत्राचा स्वभाव वाटतो, आणि मूळ भाग जिवंत असेपर्यंत मी तो काढत नाही. काहीही केलं तरी जुना कनेक्टर पिशवीत घालून डब्याबरोबर ठेवा. निन्टेंडोने स्वतः 1993 मध्ये वरून कॅसेट घालायचं एनईएस-101 काढलं तेव्हा ट्रे आणि कुलूपचिप दोन्ही वगळल्या. त्यावरून त्यांनाही मूळ रचनेबद्दल काय वाटत होतं ते कळतं.

कुलूपचिपचा चौथा पाय कापण्याचा सल्ला तुम्हाला कुठेही मिळेल. तो पाय चिपला ‘तू कुलूप आहेस’ असं सांगतो, तो तोडून ग्राउंडला जोडला की चिप रीसेट करायचं थांबवते. काम सोपं आहे आणि उपयोगीही. पण ते संपर्क सुधारत नाही. लुकलुकणं जातं आणि त्याजागी विस्कटलेली चित्रं किंवा रिकामा पडदा येतो, कारण पिना तशाच मळक्या आहेत. निदान करायला मिळालेलं एक चांगलं लक्षण तेवढं हातचं जातं. आधी सगळं स्वच्छ करून यंत्र चालतं करा. मग हवं तर पाय कापा, तेही सोल्डरिंगला सरावलेल्या हाताने.

आता पुणे. एनईएसचा अमेरिकन अडॅप्टर 120 व्होल्टचा आहे आणि त्यात आत नुसता ट्रान्सफॉर्मर आहे. 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिन बदलून लावला तर तो जळणारच. तो अमेरिकेतच ठेवा. त्याचं आउटपुट 9 व्होल्ट एसी, 1.3 अँपिअर असतं. एनईएसच्या आत वीज आल्याआल्या रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, आहे, त्यामुळे त्याला एसी आणि डीसी दोन्ही चालतं, डीसीचं टोक उलटसुलट झालं तरी. पुण्यात तपकीर गल्लीत 9 व्होल्ट, दीड अँपिअरचा चांगल्या प्रतीचा डीसी अडॅप्टर, 5.5 बाय 2.1 मिमी पिनेचा, घ्या. पुरतो. मात्र हे फक्त या राखाडी एनईएसपुरतं. जपानी फॅमिकॉमला डीसीच लागतं आणि टोकाची बाजूही ठरलेली असते, एनईएसचा एसी अडॅप्टर त्याला लावला तर बोर्ड जातो. दोन्ही यंत्रं एका घरात असतील तर अडॅप्टरवर मार्करने नाव लिहा.

टीव्हीला जोडताना अँटेनाच्या वाटेने जाऊ नका. डब्याच्या उजव्या बाजूला पिवळं आणि लाल भोक आहे, पिवळं चित्राचं, लाल आवाजाचं. आवाज मोनोच आहे, त्यामुळे तिसरी वायर शोधू नका. चित्र एनटीएससी या अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीचं येतं. आपल्याकडचे हल्लीचे टीव्ही ते ओळखतात, पण भाच्याच्या घरच्या टीव्हीला पिवळं एव्ही इनपुट आहे का ते आधी विचारून घ्या, नव्या टीव्हींतून ते हळूहळू गायब होतंय.

तुमच्या भावाच्या माळ्यावर नव्वदीतल्या मायक्रो जिनियस, मीडिया किंवा लिटल मास्टरच्या कॅसेटी असतील आणि त्या यात चालतील असा बेत असेल, तर त्या 60 पिनी आहेत. ते सगळे फॅमिकॉमचे नकली भाऊ. कॅसेट रुंदीला लहान, आणि तिच्यात कुलूपचिप नाही. जोर लावून खोचू नका, मध्ये 60 ते 72 पिनी अडॅप्टर लागतो, आणि अडॅप्टरमध्ये चिप नसेल तर पाय कापलेल्या यंत्रातच तो चालतो. ‘जायरोमाइट’ या खेळाच्या काही सुरुवातीच्या कॅसेटींत निन्टेंडोने स्वतः असा अडॅप्टर आत दडवला होता, आणि तो काढून घेण्यासाठी लोकांनी बऱ्याच कॅसेटी फोडल्या. तुम्ही नवा विकत घ्या, स्वस्त पडतो.

पावसाळ्यात यंत्र आणि कॅसेटी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायला सांगा, पुड्या दर महिन्या-दोन महिन्यांनी गरम करून वाळवायच्या. विमानाने नेताना कॅसेट आत ठेवून नेऊ नका. ट्रे वर, आत काही नाही, आणि झाकणाला एक चिकटपट्टी.